मोजायचं नेमकं काय? वाचकांचे प्रश्न, संशोधनातले चल आणि मोजमाप

मागच्या अंकात आपण संशोधनातल्या आकडेवारीबद्दल प्रश्न मागवले होते, आणि खरं सांगते, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एम.एड., नर्सिंग, कृषी, समाजकार्य असे सगळीकडचे विद्यार्थी आहेत, एक अंगणवाडी ताई आहेत, एका मुलीचे वडील आहेत. बऱ्याच जणांनी विचारलंय की कुठली संख्याशास्त्रीय टेस्ट लावू, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. ते पुढे कधीतरी नक्की घेऊ, पण पत्रं वाचताना जाणवलं की गाडी टेस्टच्या खूप आधीच अडकलीय, मोजायचं काय आणि मोजायचं कसं हेच ठरलेलं नाहीये. म्हणून या वेळी फक्त तेवढंच.

प्रश्न : माझा विषय ‘नववीच्या विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर आणि शैक्षणिक संपादणूक’ असा आहे. गाईड म्हणतात स्वाश्रयी चल आणि आश्रयी चल लिहून आणा. व्याख्या पाठ आहेत पण माझ्या विषयात कुठला कोण ते कळत नाही. आणि लिंग हा पण चल लिहायचा का? (एम.एड. विद्यार्थिनी, बार्शी)

आधी शेवटचं घेते. तुमच्या नमुन्यातल्या एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेलं की जे बदलतं तो चल, एवढंच डोक्यात ठेवा. तुम्ही फक्त मुलींच्या शाळेत जाणार असाल तर लिंग तिथे चल नाही, सगळ्यांचं उत्तर एकच येणार. इयत्ता पण चल नाही कारण सगळी नववीचीच आहेत. उद्या आठवी-नववी-दहावी तिन्ही घेतल्या की इयत्ता लगेच चल होते. त्यामुळे यादी पुस्तकातून उतरवायची नसते, आपण कुणाकडे जाणार आहोत ते बघून करायची असते.

आता तुमच्या विषयात मोबाइल वापर स्वाश्रयी, कारण त्याचा परिणाम तुम्हाला बघायचाय, आणि संपादणूक, म्हणजे मार्क, आश्रयी, कारण परिणाम तिच्यावर बघायचाय. हे गाईडना लिहून द्या. पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा, तुम्ही काही अर्ध्या मुलांना मोबाइल दिला आणि अर्ध्यांचा काढून घेतला असं केलेलं नाहीये, जे घरोघरी चाललंय ते फक्त विचारणार आहात, त्यामुळे ‘स्वाश्रयी’ ही तुम्ही दिलेली भूमिका आहे, तो पुरावा नाही. उलटंही असू शकतं ना, गणितात मागे पडलेलं पोरगं वर्गात काही कळेना म्हणून मोबाइलकडे वळलेलं असेल. आणि तिसरंच काही दोन्हीला कारण असू शकतं, आईवडील दोघंही रात्री आठपर्यंत कामावर, घरात अभ्यासाला बस म्हणणारं कुणी नाही, तर मोबाइल पण जास्त आणि मार्क पण कमी. असे बाह्य चल आधीच कागदावर मांडून ठेवा आणि प्रश्नावलीत त्यांनाही जागा द्या, डेटा गोळा झाल्यावर आठवून काही उपयोग नाही.

आणि ‘मोबाइल वापर’ म्हणजे काय ते अजून ठरलेलंच नाहीये. वर्गात बाई समोर उभ्या असताना ‘रोज किती तास बघतोस’ विचारलं तर कुठलंही शहाणं मूल एक-दोन तासच सांगणार. फोनच्या सेटिंगमध्ये रोजच्या वापराची नोंद असते ती बघता येते, पण घरात एकच फोन असेल आणि भाऊ-बहीण-आई सगळे तोच वापरत असतील तर ती नोंद त्या मुलाची नाही, घराची आहे. मग ठरवावं लागतं की अभ्यासाचे व्हिडिओ धरायचे का, सुट्टीचा दिवस धरायचा का, तास लिहायचे की मिनिटं. हे सगळं ठरवून एका वाक्यात लिहिलं की ती तुमची कार्यात्मक व्याख्या झाली. माझ्या मते प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच असतं आणि बहुतेक प्रबंधांत ते नसतंच.

प्रश्न : मी पुरुष १, स्त्री २ असं कोडिंग केलं. एसपीएसएस या सॉफ्टवेअरने लिंगाचा मीन (सरासरी) १.६ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.४९ दिलं, मी ते टेबलमध्ये टाकलं आणि मॅडमनी लाल पेनाने पूर्ण टेबल खोडलं. का ते सांगितलं नाही. (एम.एस्सी. नर्सिंग, सांगली)

का ते सांगायला हवं होतं. सॉफ्टवेअरला तो १ आणि २ फक्त आकडा दिसतो, त्याच्यामागे बाई आहे का पुरुष आहे का तापमान आहे हे त्याला कळायची सोय नाही, ते तुम्हाला कळतं, म्हणून ते तुम्ही सांगायचं.

१९४६ साली स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या, आपल्याकडे आजही त्याच शिकवतात. पहिली नामश्रेणी. इथे आकडा म्हणजे नुसतं नाव, जसा सातबाऱ्यावरचा गट नंबर, गट नंबर ४० हा गट नंबर २० च्या दुप्पट नसतो. तुमचं पुरुष-स्त्री इथलं. इथे मोजायचं आणि टक्के काढायचे. तुमच्या १.६ मध्ये अर्थ लपलेला आहे तसा, १ आणि २ असं कोडिंग असताना मीन १.६ म्हणजे १०० पैकी ६० स्त्रिया, पण मग ‘स्त्रिया ६० टक्के’ असंच लिहा ना, वाचणाऱ्याला कोडं का घालायचं. पुढच्या वेळी पुरुष ० आणि स्त्री १ ठेवलंत तर मीन थेट ०.६ येईल.

दुसरी क्रमश्रेणी. वॉर्डमध्ये तुम्ही पेशंटला विचारता, ० ते १० मध्ये दुखणं किती. ८ हे ५ पेक्षा जास्त हे नक्की, पण ८ वरून ४ वर आलं म्हणजे दुखणं निम्मं झालं असं म्हणता येत नाही, कारण त्या आजींच्या मनातल्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का हे कुणालाच बघता येत नाही. इथे मध्यांक, म्हणजे सगळे आकडे रांगेत लावल्यावर मधोमध येणारा, तो वापरा, तो सुरक्षित.

तिसरी आंतरश्रेणी, आणि इथे सगळे अडकतात म्हणून एक उदाहरण नीट करून बघू. तापमान घ्या, २०, ३० आणि ४० अंश सेल्सिअस. ४० हे २० च्या दुप्पट दिसतं. आता तेच तापमान फॅरेनहाइटमध्ये लिहा, ६८, ८६ आणि १०४. गरमी तीच, हवा तीच, पण १०४ काही ६८ च्या दुप्पट नाही. म्हणजे ती ‘दुप्पट’ गरमीतली नव्हतीच, आपण शून्य कुठे ठेवलं त्यातली होती. पण २० ते ३० आणि ३० ते ४० ही दोन अंतरं बघा, सेल्सिअसमध्ये दहा-दहा, फॅरेनहाइटमध्ये अठरा-अठरा, दोन्हीकडे सारखीच राहिली. म्हणून आंतरश्रेणी, अंतर खरं, पट खोटी. चौथी गुणोत्तरश्रेणी, जिथे शून्य म्हणजे खरंच काही नाही, जसं बाळाचं वजन. ३ किलो हे दीड किलोच्या दुप्पट, ग्रॅममध्ये लिहा नाहीतर पौंडात, दुप्पटच राहणार.

याच्यातून एक सवय लावून घ्या. फॉर्मवर ‘कमी वजन / नॉर्मल’ अशी टिक करू नका, २४८० ग्रॅम असं पूर्ण वजन लिहा. अडीच किलोच्या आतलं कमी वजनाचं हे नंतर कधीही पाडता येतं, पण एकदा टिक केली की ते बाळ २४८० चं होतं की १४०० चं हे कायमचं गेलं, आणि त्या दोन बाळांत केवढा फरक आहे हे नर्सला मी सांगायला नको. वयाचं पण तसंच, ३४ लिहा, ‘३० ते ४०’ लिहू नका.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीत एका मुलाची उंची मागच्या वेळी ८५ भरली होती, या वेळी ८३.५ भरली. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या नीट मोजत नाही. मी नीटच मोजली हो. पोराची उंची कमी कशी होईल? (अंगणवाडी सेविका, जव्हार)

ताई, उंची कमी होत नाही, आणि तुम्ही मन लावून मोजली असणार यावर माझा विश्वास आहे. आधी एक तपासा, या दोन मोजण्यांच्या मध्ये पोरगं दोन वर्षांचं झालं का? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला झोपवून लांबी मोजतात आणि दोन वर्षांनंतर उभं करून उंची, आणि तेच मूल झोपवून मोजलं तर साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत हा फरक धरलेला आहे. म्हणजे दीडमधले पाऊण सेंटीमीटर तिथेच गेले, त्यात ना तुमची चूक ना पोराची.

उरलेलं कुठे गेलं ते मी एका गावात बघितलंय. भिंतीला पट्टी लावलेली, पोराला उभं केलं, आईने हात धरलेला, पोरगं रडतंय आणि एक गुडघा किंचित वाकलेला. टाच भिंतीपासून दोन बोटं पुढे. दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर वर बांधलेला बुचडा, आणि पट्टी बुचड्याला टेकवून आकडा घेतला. सेविकेची नजर त्या आकड्याच्या वरून पडत होती कारण ती उभी होती, खाली बसून डोळा आकड्याच्या समोर आणला की तोच आकडा अर्धा सेंटीमीटरने वेगळा दिसला. मी तिथे बसून तेच मूल तीनदा मोजायला लावलं आणि तीन वेगळे आकडे आले, कुणीही खोटं केलेलं नव्हतं.

याला विश्वसनीयता म्हणतात, तीच गोष्ट परत मोजली तर तेच उत्तर येतं का. उपाय साधा आहे, चप्पल काढा, केस सोडा, टाचा-ढुंगण-डोकं मागे टेकवा, दोनदा मोजा, आणि दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. पण पट्टीच भिंतीवर एक सेंटीमीटर वर लागलेली असेल तर दहा वेळा मोजलं तरी दहाही वेळा सारखंच चुकेल. तेव्हा विश्वसनीयता छान दिसते पण आकडा खरा नसतो, म्हणजे सप्रमाणता गेली. त्यामुळे महिन्यातून एकदा मीटरची टेप लावून पट्टी तपासा.

एक अजून. वयानुसार उंची-वजन बघताना उंची चुकण्यापेक्षा वय चुकणं जास्त होतं, ‘भाताच्या लावणीत झाला’ असं आई सांगते आणि फॉर्मवर कुठलीतरी तारीख पडते. म्हणूनच दंडाचा घेर कामाचा, ६ महिने ते ५ वर्षं सगळ्यांना एकच माप, ११.५ सेंटीमीटरच्या आत भरला की मूल अतितीव्र कुपोषित धरायचं आणि लगेच पुढे पाठवायचं, तिथे जन्मतारखेची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल आहेत. म्हणजे ९२ टक्के मार्क ना? मग शेजारच्या ९६ वाल्यापेक्षा ती फक्त चार मार्कांनी मागे का? (एक वडील, जळगाव)

दोन्ही नाही. ९२ पर्सेंटाइल म्हणजे १०० परीक्षार्थी घेतले तर साधारण ९२ जण तिच्याएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी, ती रांगेतली जागा आहे, वर सांगितली ती क्रमश्रेणी. रांगेतल्या दोघांमध्ये किती मार्कांचं अंतर आहे ते रांग सांगत नाही. मधे खूप मुलं दाटीने असतात, तिथे थोड्या मार्कांनी पर्सेंटाइल झटकन बदलतं, आणि अगदी वरच्या टोकाला मुलं विरळ असतात, तिथे अर्ध्या पर्सेंटाइलसाठी बरेच मार्क लागतात. त्यामुळे पर्सेंटाइलची वजाबाकी करून मुलीला काही बोलू नका.

प्रश्न : ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पर्यायांची सरासरी काढली तर चालते का? (एम.बी.ए., पुणे)

लायकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ही पद्धत आणली, आणि सरासरी काढावी का यावर दोन तट आहेत. माझं सांगते, एकाच प्रश्नाची सरासरी ३.७ लिहू नका, किती टक्के सहमत ते लिहा. एकाच गोष्टीवरचे दहा-बारा प्रश्न असतील आणि त्यांची बेरीज घेतली असेल तर त्या बेरजेची सरासरी चालते. पण उलटे विचारलेले प्रश्न आधी सरळ करून घ्या, म्हणजे त्यांचे गुण उलटे लावा, हे हमखास राहतं.

प्रश्न : आमच्या शिवारात सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग झाला. एवढ्या मोठ्या रानातून १० बाय ५ मीटरचा तुकडा कापतात आणि त्यावर अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पन्न ठरवतात. वडील म्हणतात याच्यापेक्षा पैसेवारी बरी, निदान माणूस रान डोळ्याने बघतो. मला कृषी पदवीच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचाय. (परभणी)

घ्याच. मोजमाप म्हणजे काय हे शिकायला यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही, आणि विम्याचा पैसाही या आकड्यावर अवलंबून असतो म्हणून तो नीट शिकायलाच हवा.

वडिलांचं आधी. पैसेवारी, पूर्वीची आणेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरून यंदाचं पीक किती पैसे आलं ते, आणि ती सुरुवातीला नजरेने ठरते. नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि ५० पैशांच्या आत आली की पीक गेलं असं धरतात. अनुभवी माणसाची नजर मी कमी लेखत नाही, पण दोन अनुभवी माणसं एकाच रानाला ४८ आणि ५३ देऊ शकतात आणि त्या पाच पैशांत गावाचं वर्ष असतं. दोघांतलं कोण बरोबर हे तपासायला मग काहीतरी कापून, मळून, वजन करूनच बघावं लागतं.

आता तुकडा १० बाय ५ च का. याच्यामागे आपला माणूस आहे, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, जन्म १९११ चा, फर्ग्युसनला शिकले, लंडनला संख्याशास्त्र केलं आणि परत येऊन शेतीच्या आकडेवारीत उतरले. त्या काळात कलकत्त्याला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या संस्थेत छोटे गोल प्लॉट कापायची पद्धत होती, विचार असा की छोटे प्लॉट स्वस्त पडतात, मग जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवलं की प्लॉट फार छोटा केला की उत्पन्न जास्तच भरतं. एखाद्या वेळी जास्त एखाद्या वेळी कमी असं नाही, जास्तीच्याच बाजूला झुकतं.

का ते वहीत करून बघा. दोरी ताणली की काठावरची रोपं येतात, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे जातो, मुद्दाम नाही, शेंगांनी भरलेलं रोप सोडवत नाही. समजा असं करताना चारी बाजूंनी फक्त ५ सेंटीमीटर जास्त कापलं गेलं. १० बाय ५ चा प्लॉट झाला १०.१ बाय ५.१, म्हणजे ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर, तीन टक्के जास्त. आता प्लॉट १ बाय १ चा धरा, तोच ५ सेंटीमीटरचा हात, तो झाला १.१ बाय १.१, म्हणजे १.२१, एकवीस टक्के जास्त! हात तोच, दोरी तीच, फक्त छोट्या तुकड्याला त्याच्या मानाने काठ जास्त.

आणि असे छोटे प्लॉट दहाच्या जागी हजार कापले तरी हे एकवीस टक्के कमी होत नाहीत. सैल चूक, म्हणजे कधी वर कधी खाली जाणारी, ती नमुना वाढवला की विरत जाते. एकाच बाजूला ओढणारी चूक नमुना वाढवला तरी तेवढीच राहते, उलट आकडा मोठ्या नमुन्यातून आला म्हणून आपण त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. विद्यार्थी सारखं विचारतात सॅम्पल किती घेऊ, त्यांना मी आधी हा प्लॉट काढून दाखवते.

प्रोजेक्टमध्ये चार गोष्टी जवळून बघा. प्लॉटची जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारख्या निघालेल्या आकड्यांनीच ठरते का, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदीची पावलं मोजून, की रस्त्याजवळ सोयीचं म्हणून तिथेच खुंटी ठोकली. काठावरच्या रोपाचं मूळ दोरीच्या आत आहे का हे बघतात की फांदी कुठे झुकली ते. वजनाचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का. आणि माल ओला असताना वजन केलं तर वाळल्यावरची घट धरली का. ५० चौरस मीटरला २०० ने गुणलं की हेक्टर होतो, म्हणजे प्लॉटवर काटा एका किलोने चुकला की कागदावर हेक्टरी दोन क्विंटल चुकले. कापणीच्या वेळी शेतकऱ्यांना उभं राहता येतं, वडिलांना घेऊन जा, त्यांची नजर आणि काटा दोन्ही एकाच रानावर लिहून ठेवा, तुमचा सगळ्यात चांगला डेटा तोच असेल.

प्रश्न : गावातल्या बायकांच्या कामावर सर्व्हे केला. ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेकींचं ‘गृहिणी’ किंवा ‘काही नाही’ आलं. पण मी स्वतः त्यांना रोज रानात बघते. डेटा चुकीचा म्हणून टाकून देऊ का? (एम.एस.डब्ल्यू., तुळजापूर)

टाकू नका. तो डेटा त्यांच्या कामाचा नाही, ‘व्यवसाय’ हा शब्द ऐकून घरच्यांना काय वाटतं त्याचा आहे, तसा तो खराच आहे. तुम्हाला मोजायचं होतं वेगळं आणि रकान्याने मोजलं वेगळं.

व्याख्या बदलली की माणसं इकडची तिकडे होतात. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक, आणि फक्त घरकाम केलं तर कामगारच नाही. आता सकाळी म्हशीची धार, शेण, दुपारी निंदणी, घरच्याच रानात, मजुरी नाही, ही बाई कुठे बसणार ते विचारणाऱ्याने कसं विचारलं त्यावर जातं.

म्हणून परत जा, पण ‘काय काम करता’ विचारू नका. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्व्हेत आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारलं होतं, तसं करा. ‘काल उठलात किती वाजता, मग काय केलं, मग?’ अशी बाई बोलत जाते आणि काम आपोआप बाहेर येतं. एकाच वेळी दोन कामं असतील, चुलीवर भाकरी आणि मांडीवर पोर, तर दोन्ही लिहा. उत्तर तिच्याकडूनच घ्या, दारात बसलेल्या सासऱ्याकडून नाही. आणि दुपारी जाऊ नका, ज्या बायका रानात असतात त्या दुपारी घरी भेटतच नाहीत, तुमच्या यादीत फक्त घरी असलेल्या येतात. दिवेलागणीनंतर जा, भाकरी होईपर्यंत थांबायची तयारी ठेवून.